८० टक्क्यांवर थांबा: फोनच्या एका सेटिंगचा इतिहास

मराठीत ‘बॅटरी टिकत नाही’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. सकाळी फुल चार्ज केलेला फोन दुपारीच मान टाकतो, हा एक. आणि दोन-तीन वर्षांत बॅटरीच म्हातारी झाली, हा दुसरा. फोनच्या सेटिंगमध्ये या दोन्ही दुखण्यांवर वेगवेगळी औषधं आहेत, पण आपण ती सर्रास एकमेकांत मिसळतो. मी पीएचडीसाठी लिथियम-आयन सेल जुने कसे होतात याचा अभ्यास करते, त्यामुळे ‘मग नेमकं काय करायचं?’ हा प्रश्न मला कायम येतो. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

सगळ्यात चिवट सल्ल्यापासून सुरू करू: ‘बॅटरी पूर्ण संपू द्या, मगच चार्जिंगला लावा.’ हा सल्ला कुणी हवेतून काढलेला नाही. स्वीडनच्या वाल्देमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरी बनवली. पुढे उपग्रहांमध्ये ती वापरताना एक गंमत दिसली. रोज ठरावीक पातळीपर्यंतच उतरवून परत भरली, तर काही काळाने त्या पातळीच्या खाली गेल्यावर तिचं व्होल्टेज घसरायचं. जणू तिला तेवढंच आठवत होतं. म्हणून नाव पडलं ‘मेमरी इफेक्ट’, आणि त्यावर उपाय होता बॅटरी पूर्ण उतरवणं. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० मध्येही याच घराण्यातली निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी होती. थोडक्यात, सल्ला त्या काळच्या रसायनाला धरून होता. नंतर रसायन बदललं, सल्ला मात्र तसाच राहिला.

नवं रसायन म्हणजे लिथियम. १९७० च्या दशकात एक्सॉन कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइड वापरून लिथियमची रिचार्ज होणारी बॅटरी केली. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धन इलेक्ट्रोड दाखवला. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी धोकादायक लिथियम धातू काढून त्याजागी कार्बन बसवला. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते!

या बॅटरीला मेमरी इफेक्टचा त्रास जवळजवळ नाहीच. तिची दुखणी वेगळी आहेत. चार्ज करताना आपण कोबाल्ट ऑक्साइडच्या थरांमधून लिथियमचे आयन बाहेर काढून ग्रॅफाइटमध्ये नेऊन बसवतो. १०० टक्क्यांजवळ व्होल्टेज सर्वात जास्त असतं. अशा वेळी आतला द्रव इलेक्ट्रोलाइट हळूहळू बिघडतो आणि धन इलेक्ट्रोडच्या रचनेवर ताण येतो. दुसरीकडे ग्रॅफाइटवर एक पातळ थर साचत जातो. तो संरक्षक असतो, पण वाढताना थोडं थोडं लिथियम गिळतो. उष्णता या सगळ्या क्रियांचा वेग वाढवते. म्हणजे १०० टक्के भरलेला आणि तापलेला फोन ही बॅटरीसाठी सर्वात वाईट अवस्था. रात्रभर उशीखाली चार्जिंगला असलेला फोन नेमका तसाच असतो.

आता सेटिंगकडे येऊ. सुरुवातीचा सगळा भर पहिल्या अर्थावर होता, म्हणजे दिवस कसा निघेल यावर. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये बॅटरी सेव्हर आला. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ ने ‘डोझ’ आणलं, ज्यात फोन पडून असला की अ‍ॅप्सना झोपवलं जातं. त्याच वर्षी आयफोनला लो पॉवर मोड मिळाला. त्यामुळे दर पाच मिनिटांनी सगळी अ‍ॅप्स बोटाने उडवून लावण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. उलट तेच अ‍ॅप पुन्हा शून्यातून उघडायला जास्त वीज लागू शकते. डार्क मोडचंही तसंच. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ओएलईडी स्क्रीनवर पूर्ण ब्राइटनेसला ३९ ते ४७ टक्के वीज वाचली, पण ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला फक्त ३ ते ९ टक्के. म्हणून आधी ब्राइटनेस कमी करा, डार्क मोड नंतर.

दुसऱ्या अर्थाकडे कंपन्यांचं लक्ष वळलं ते एका वादामुळे. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेले काही आयफोन सॉफ्टवेअरने मंद केले जात होते. कारण शास्त्रीय होतं: जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, अचानक जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं आणि फोन बंद पडतो. पण ग्राहकाला हे सांगितलंच नव्हतं. फोन म्हातारा झाला असं समजून नवा घेणारेही असणार, जिथे फक्त बॅटरी बदलून काम झालं असतं. २०१८ मध्ये आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीची तब्येत दिसू लागली, २०१९ मध्ये रात्रीचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थोपवून ठेवणारी सोय आली, आणि २०२३ च्या आयफोन १५ मध्ये कायम ८० वर थांबण्याचा पर्याय. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही आज अशी मर्यादा आहे. जून २०२५ पासून युरोपीय संघात नव्या फोनची बॅटरी ८०० चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखणारी असावी, असा नियम लागू झाला आहे.

तर करायचं काय? दिवस काढायचा असेल तर ब्राइटनेस, बॅटरी सेव्हर, आणि रेंज नसलेल्या ठिकाणी एअरप्लेन मोड (रेंज शोधताना फोन जास्त दमतो). वर्षं काढायची असतील तर ८० टक्क्यांची मर्यादा, आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली किंवा उन्हात नको. प्रवासाच्या दिवशी खुशाल १०० करा, एका दिवसाने काही बिघडत नाही.

आपल्याकडे फोन एका हातात संपत नाही. ताईचा धाकट्याकडे, मग आजीकडे जातो. ८० चं सेटिंग आज ताईने लावलं, तर त्याचा खरा फायदा आजीला होणार आहे.