मातीचें कबूतर आणि बंदुकीचा तोल

शिकाऱ्याची बंदूक ही दिवसभर रानोमाळ वाहून न्यावयाची वस्तु. मातीच्या चकत्या फोडणाऱ्याची बंदूक ही क्षणभर खांद्याला लावून पुन्हां खालीं घ्यावयाची वस्तु. या एका फरकानें छऱ्यांच्या बंदुकीच्या घडणींत जो पालट घडवून आणला, त्याचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशीं तिच्या तोलाचाच इतिहास होय. आणि तोल हा शब्द ऐकावयास सोपा असला, तरी त्याच्या पोटांत दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत.

अठराव्या शतकांतील इंग्रजी शिकारी बंदुकांच्या नळ्या लांबलचक असत. कारण तत्कालीन काळी दारू सावकाश पेटे. १७८७ सालीं लंडनच्या हेन्री नॉक यानें दारू झटकन् पेटेल अशी नळीच्या बुडाची रचना शोधून तिचें पेटंट घेतलें. नळ्या आखूड झाल्या, आणि आखूड झाल्या म्हणूनच दोन नळ्या शेजारीं शेजारीं बसवूनही बंदूक हातांत पेलूं लागली. या जोडनळीला खरा डौल दिला तो जोसेफ मॅन्टन यानें. याच घराण्याच्या पेढीमुळें कलकत्त्याच्या बाजारांतही मॅन्टन हें नांव सुपरिचित झालें. त्याच्या हाताखालीं शिकलेल्या जेम्स पर्डीसारख्या कारागिरांनीं पुढें साडेसहा पौंडांच्या आसपास वजनाची, दोन हातांच्या मध्यें सारा भार सांठविलेली बंदूक हाच आदर्श मानला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनांत फ्रान्समधून आलेली मधोमध मोडून काडतूस भरावयाची बंदूक लोकांनीं पाहिली. ती पद्धत रूढ झाल्यावर नळ्या ज्या बिजागरीच्या खिळीवर वळतात, ती खीळच तोल मोजण्याची खूण ठरली. खिळीखालीं बोट धरावें, बंदूक आडवी स्थिर राहिली कीं तोल साधला, असा संकेत पडला.

दरम्यान शिकारीच्या शेजारीं एक वेगळाच खेळ वाढत होता. लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथें ‘ओल्ड हॅट्स’ नांवाच्या गुत्त्यापाशीं खळग्यांत कबुतरें ठेवून त्यांवर जुन्या टोप्या झांकीत. टोपी ओढली कीं पक्षी उडे, आणि पैजा लागत. १८६९ सालीं स्थापन झालेला हर्लिंगहॅम क्लब तर मूळचा या कबुतरबाजीचाच. पैजेचीं काडतुसें भारी असत. म्हणून तेथील बंदुकाही शिकारीच्या बंदुकांहून जड होऊं लागल्या. या करमणुकीचें समर्थन करणें कठीण आहे. पेटींत कोंडलेला पक्षी हा शिकार नव्हे. हर्लिंगहॅमनें ती १९०५ सालीं बंद केली, आणि १९२१ सालीं ब्रिटिश कायद्यानें तिला मनाई झाली.

पक्ष्याला पर्याय अमेरिकेनें शोधला. प्रथम १८६६ च्या सुमारास बोस्टनकडे कांचेचे गोळे उडविले जाऊं लागले. त्यांच्या फुटलेल्या कांचांनीं मैदानें भरून जात. १८८० सालीं सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्की यानें भाजलेल्या मातीची चपटी चकती काढली. पाण्यावर शिंपले भिरकावणारीं मुलें पाहून त्याला ही युक्ति सुचली, असें सांगतात. ती चकती प्रारंभीं इतकी टणक होती कीं छरे लागले तरी नुसती खणकन् वाजे! पुढें डांबर व चुनखडी यांच्या मिश्रणाची ठिसूळ चकती आली. माती गेली, नांव मात्र राहिलें.

येथें बंदुकीपुढें नवा प्रश्न उभा राहिला. कबूतर वेडेंवांकडें उडतें. चकती नेमल्या मार्गानें जाते. तिला गांठावयाचें तर नळी तिच्या वाटेनें संथपणें फिरत राहिली पाहिजे, आणि चाप ओढल्यावरही थांबतां कामा नये. हात अडखळला कीं छरे चकतीच्या मागून जातात. शिवाय दिवसाकांठीं शंभर-सव्वाशें बार काढावयाचे असल्यानें खांद्यास बसणारा धक्काही विचारांत घ्यावा लागला. दोहोंवर उपाय एकच दिसला: वजन. साडेसहाचे आठ पौंड झाले, नळ्या तीस-बत्तीस इंच झाल्या.

परंतु वजन कोठें? हा प्रश्न कावड वाहिलेल्या माणसास चटकन् समजेल. कावडीचे दोन्ही घडे सारखे भरले कीं खांद्यावर तोल साधतो. पण एकदम वळावयाचें म्हटलें कीं टोकांचे घडे ओढ घेतात, आणि वळल्यावर थांबावयाचें म्हटलें तरी ते पुढें जाऊं पाहतात. तेवढेंच पाणी छातीशीं धरलेल्या एका हंड्यांत असेल तर माणूस सहज गर्रकन् वळतो. बंदुकीचें असेंच आहे. खिळीपासून सोळा इंच मागें दस्त्यांत तीन औंस शिसें घातलें आणि चोवीस इंच पुढें नळीला दोन औंस जोडले, तर तोल जागचा हालत नाहीं. तीन गुणिले सोळा आणि दोन गुणिले चोवीस, दोन्ही अठ्ठेचाळीसच. मात्र फिरण्यास होणारा विरोध अंतराच्या वर्गाप्रमाणें वाढतो. त्यामुळें पुढचे दोन औंस मागच्या तिनांहून दीडपट अधिक अडवितात. तेच पांच औंस खिळीपाशीं ठेवले, तर धक्का तितकाच कमी होईल, पण फिरण्यांत फरक जवळजवळ जाणवणार नाहीं. म्हणून बोटावर सारख्याच तोलणाऱ्या दोन बंदुका खांद्यावर अगदीं निराळ्या भासतात.

दस्त्यांत शिसें भरण्याची युक्ति जुनी आहे. कारागीर दस्ता हलका करण्यासाठीं त्यांत भोक पाडीत आणि तोल बिघडल्यास त्याच भोकांत शिसें ओतीत. आठ पौंडांच्या बंदुकींत असे चार औंस घातले, तर तोल अर्ध्या इंचाच्या आंतच मागें सरकतो. पण तेवढ्यानें तोंडाशीं जड वाटणारी नळी उचलण्यास सोपी होते. अलीकडे पाऱ्याच्या बंद नळ्याही दस्त्यांत बसवितात. पाऱ्याच्या हालचालीनें धक्का कमी होतो असा विक्रेत्यांचा दावा असतो. त्यांतील बराच गुण पाऱ्याचा नसून वजनाचा असावा.

सर्वच जाणत्यांनीं वजनाची बाजू घेतली असें नाहीं. लंडनच्या रॉबर्ट चर्चिलनें १९२० नंतरच्या दशकांत अवघ्या पंचवीस इंची नळ्यांची चपळ बंदूक हिरिरीनें पुढें मांडली. झुडपांतून अवचित उठणाऱ्या पक्ष्यापुरतें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. चकतीच्या मैदानावर मात्र लांब नळीचाच जय झाला. तेथेंही एक नियम सर्वांना लागू पडत नाहीं: ट्रॅप या प्रकारांत बंदूक आधींच खांद्याला लावलेली असते, म्हणून पुढें झुकणारें वजन खपतें, ऑलिंपिक स्कीटमध्यें चकती दिसेपर्यंत दस्ता कमरेशीं ठेवावा लागतो, म्हणून बंदूक झटकन् वर यावी लागते. बिकानेरचे करणीसिंह यांनीं १९६२ सालीं कैरो येथें जागतिक स्पर्धेंत रौप्यपदक मिळविलें तें ट्रॅपमध्यें, आणि राज्यवर्धनसिंह राठोड यांचें २००४ चें अथेन्समधील रौप्यपदक डबल ट्रॅपमधील. या दुसऱ्या प्रकारांत एकदम सुटलेल्या दोन चकत्या लागोपाठ टिपावयाच्या असल्यानें पहिल्या बाराच्या धक्क्यानंतर नळी लगेच सांवरणें हेंच मुख्य काम असे.

नेम चुकला कीं वजनाला दोष देण्याची खोड मात्र सर्वत्र सारखी आहे. पुष्कळदां दस्त्याची लांबी चुकीची असते किंवा डोळा पट्टीच्या रेषेंत नसतो, आणि शिसें उगाच घातलें जातें. म्हणून जाणता कारागीर प्रथम दस्ता बसतो कीं नाहीं तें पाहतो. मग शिशाच्या पट्ट्या नळीला व दस्त्याला चिकटपट्टीनें तात्पुरत्या लावून गिऱ्हाइकास कांहीं दिवस चकत्या फोडूं देतो. एका वेळीं एकच पट्टी बदलावयाची, दुसरीला हात लावावयाचा नाहीं. सकाळीं ताज्या हातानें आणि शंभराव्या बारानंतर थकलेल्या हातानें, अशी दोन्ही वेळां परीक्षा झाल्यावरच तो दस्त्याच्या टोकाची पट्टी काढतो, भोकांत शिसें घालतो, आणि तें आंत खुळखुळूं नये म्हणून भोवतीं बोळा घट्ट ठासतो.