मळसूत्री जोडणी (युरोपीय रेल्वे)

मळसूत्री जोडणी ही युरोपातील बहुतांश लोहमार्गांवर इंजिने व डबे एकमेकांना जोडण्याची, हाताने हाताळली जाणारी पद्धत होय. तिच्यात ओढण्याचा ताण मध्यभागी असलेले आकडा व मळसूत्र पेलतात, तर ढकलताना येणारा दाब दोन्ही बाजूंचे बफर झेलतात.

इतिहास

आरंभीच्या काळात डबे साध्या साखळ्यांनी जोडले जात. साखळी सैल असल्याने गाडी सुटताना व थांबताना प्रवाशांना जोराचे हिसके बसत. यावर उपाय म्हणून इंग्लंडमधील लिव्हरपूल अँड मँचेस्टर रेल्वेचे अधिकारी हेन्री बूथ यांनी १८३० च्या दशकात मळसूत्री जोडणी शोधून काढली.

रचना

प्रत्येक वाहनाच्या टोकाला स्प्रिंगचा आधार असलेला आकडा व त्यास अडकविलेले मळसूत्र असते. मळसूत्राच्या अर्ध्या भागावर उजवे व उरलेल्या भागावर डावे आटे असतात. त्यामुळे मधला दांडा फिरविताच दोन्ही टोके एकाच वेळी जवळ येतात. प्रमाण गेजवर दोन बफरांच्या केंद्रांमधील अंतर सुमारे १,७५० मिमी आणि त्यांची रुळांपासूनची उंची सुमारे १ मीटर असते. सर्वसाधारण जोडणीत मळसूत्राची तुटण्याची मर्यादा ८५० किलोन्यूटन, तर आकड्याची १,००० किलोन्यूटन असते. परिणामी अतिताण आल्यास सहज बदलता येणारा भाग आधी तुटतो.

कार्यपद्धती

वाहने बफर टेकेपर्यंत जवळ आणल्यावर कर्मचारी दोहोंच्या मध्ये शिरतो. एका वाहनाची कडी तो दुसऱ्याच्या आकड्यात अडकवतो आणि मळसूत्र आवळतो. दुसऱ्या वाहनाची जोडणी वापरात नसल्याने ती टांगून ठेवली जाते. त्यानंतर ब्रेकच्या हवेच्या नळ्या जोडून त्यांच्या तोट्या उघडल्या जातात. धावत्या गाडीत जोडणी तुटल्यास या नळ्याही सुटतात, त्यांतील हवा निघून जाते व गाडीच्या दोन्ही भागांना आपोआप ब्रेक लागतात.

सुरक्षितता

बफरांच्या मध्ये चिरडले जाणे हा या कामातील सर्वांत गंभीर धोका आहे. म्हणून वाहनांच्या टोकांशी आकडा व बफर यांच्या दरम्यान कर्मचाऱ्यासाठी ठरावीक जागा मोकळी ठेवावी लागते. तिला ‘बर्न अवकाश’ म्हणतात. २० किलोग्रॅमहून अधिक वजनाची जोडणी वारंवार उचलणे हेही अत्यंत कष्टाचे असते.

इतर पद्धती

सोव्हिएत संघाच्या परंपरेतील रुंद गेजवर, उदाहरणार्थ युक्रेन व बाल्टिक देशांत, एसए-३ ही स्वयंचलित जोडणी रूढ आहे. स्वीडनमधील किरुनाहून नॉर्वेतील नार्विक बंदराकडे जाणाऱ्या लोहखनिजाच्या अवजड गाड्याही तीच वापरतात. मेट्रो, उपनगरी व अतिवेगवान गाड्यांवर जर्मन अभियंता कार्ल शार्फेनबर्ग यांच्या नावाची जोडणी आढळते. ती वाहनांबरोबरच हवेच्या व विजेच्या वाहिन्याही जोडू शकते.

बदलाचे प्रयत्न

अमेरिकेत १८९३ च्या कायद्याने स्वयंचलित जोडणी सक्तीची झाली, तर जपानने १९२५ मध्ये ती देशभर स्वीकारली. युरोपात मात्र मालडब्यांची सीमापार अदलाबदल होत असल्याने सर्व देशांनी एकत्रितपणे बदल करणे आवश्यक ठरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असा सामायिक प्रयत्न यशस्वी झाला नाही. सध्या मालगाड्यांसाठी शार्फेनबर्ग प्रकारावर आधारित ‘डिजिटल स्वयंचलित जोडणी’ विकसित केली जात आहे.

भारतातील वापर

भारतीय रेल्वेच्या आयसीएफ बनावटीच्या डब्यांना परंपरेने मळसूत्री जोडणी व बाजूचे बफर असत. एलएचबी डब्यांना मध्यवर्ती बफर जोडणी असते.