‘ट्यूज्डे’ म्हणजे मंगळवारच का? इंग्रजी वारांची नावं आली कुठून?

‘इंग्रजांनी वार आपल्याकडूनच उचलले,’ असा मेसेज दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरतो. संडे म्हणजे सूर्याचा वार, मंडे म्हणजे चंद्राचा, हे साम्य खरंच आहे. उचलण्याची गोष्ट मात्र खरी नाही.

रोमन लोकांनी सात वारांना सात ग्रहांची नावं दिली होती. मंगळवार हा मार्सचा, बुधवार मर्क्युरीचा, गुरुवार ज्युपिटरचा, शुक्रवार व्हीनसचा. इंग्रजांच्या जर्मानिक पूर्वजांनी ही पद्धत घेतली, पण देव आपले बसवले. युद्धदेव मार्सच्या जागी तिव आला आणि ट्यूज्डे झाला. मर्क्युरीच्या जागी वोडन, म्हणून वेन्सडे. स्पेलिंगमधला न उच्चारला जाणारा ‘डी’ हा याच वोडनचा! विजेचा देव थॉर (जुन्या इंग्रजीत थुनोर) थर्सडेला मिळाला, तर फ्रिग देवी फ्रायडेला. सॅटर्नला जोडीदार देव सापडला नसावा. सॅटरडे रोमनच राहिला.

मग क्रम सारखा कसा? जुन्या ज्योतिषात ग्रहांची रांग अशी होती: शनि, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या प्रत्येक तासाला रांगेतला एकेक ग्रह स्वामी. पहिल्या तासाचा स्वामी तोच त्या वाराचा स्वामी. शनिवारी शनिपासून मोजायला लागा, 25वा तास, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, रवीचा येतो. तिथून पुढचा चंद्राचा. करून बघा, आख्खा आठवडा जमतो.

हे गणित ग्रीक ज्योतिषाबरोबर भारतात आलं. आपल्या पत्रिकेतली ‘होरा’ आणि इंग्रजी ‘अवर’ दोन्ही एकाच ग्रीक शब्दाची लेकरं. भारतात वाराचा सगळ्यात जुना तारीखवार उल्लेख मध्य प्रदेशातल्या एरणच्या गुप्तकालीन शिलालेखात मानला जातो. वर्ष 484, वार गुरुवार.

राहिला शेवटचा ‘डे’. जुन्या वळणाचे ब्रिटिश तो ‘डी’ असा उच्चारत: संडी, मंडी. (ही मंडी भाजीची नव्हे.) रोजच्या वापरातल्या शब्दांची शेपटं अशी झिजतातच. गोव्याच्या कोकणीत ‘वार’चं तेच झालंय: सोमार, मंगळार, सुक्रार. आणि गुरुवारला तिथे म्हणतात बिरेस्तार, म्हणजे बृहस्पतीचा वार.