गजांआडची सुई

1993 सालच्या पहिल्या सहा महिन्यांत स्कॉटलंडमधील ग्लेनॉकिल तुरुंगात हिपॅटायटिस-बीची नवी कावीळ झालेले आठ रुग्ण सापडले आणि दोघांना एचआयव्हीची ताजी लागण झाल्याचे दिसले. त्यानंतरच्या तपासणीत 162 कैद्यांनी रक्त दिले. बारा जण एचआयव्हीबाधित निघाले आणि ते सगळेच याच तुरुंगात अमली पदार्थ टोचून घेणारे होते. आत टोचणाऱ्यांपैकी 27 जणांचे रक्त तपासले होते; म्हणजे त्यांतले जवळपास निम्मे बाधित. कैदी व्यसनी असतात, रोग घेऊनच आत येतात, असे म्हणण्याची रीत आहे. ती पूर्ण खोटी नाही. हिपॅटायटिस-सी घेऊन येणारे पुष्कळ असतात. पण ग्लेनॉकिलच्या एकूण चौदा एचआयव्हीबाधितांच्या विषाणूंची पुढे जनुकीय तुलना झाली, तेव्हा तेरा जणांचे विषाणू जवळजवळ एकसारखे आढळले. एवढे साम्य बाहेरून वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लागणीत असत नाही. हा रोग भिंतींच्या आतच पसरला होता.

मग दोष कशाचा? माझ्या मते व्यसनापेक्षा सुईच्या टंचाईचा. तुरुंगात हेरॉइन चोरून येते, सुई त्याहून कमी येते, आणि आलेली एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरते. याचा पडताळा तुरुंगाबाहेरही मिळतो. 1980च्या दशकात एडिंबर्गमध्ये पोलीस सुया जप्त करत आणि औषधविक्रेते त्या द्यायला नाखूश असत. 1986 साली तिथल्या एका दवाखान्यातील हेरॉइन घेणाऱ्यांची तपासणी झाली, तर निम्म्याहून अधिक एचआयव्हीबाधित निघाले. त्या शहराने जे केले तेच तुरुंग रोज करतो, फक्त अधिक कडेकोट.

टंचाई हटवून पाहिली ती स्वित्झर्लंडने. 1992 साली ओबरशोनग्रून तुरुंगातील डॉक्टर फ्रान्झ प्रोब्स्ट यांनी नियम मोडून कैद्यांना निर्जंतुक सुया द्यायला सुरुवात केली आणि तुरुंगप्रमुखाने त्यांना घरी बसवण्याऐवजी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. (सरकारी नोकरीत हे दुर्मिळच.) दोन वर्षांनी हिंडेलबांकच्या महिला तुरुंगात जुनी सुई टाकली की नवी देणारी यंत्रे बसली. सुई म्हणजे शस्त्र, हा अशा वाटपावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. तो काल्पनिक नाही: 1990 साली सिडनीच्या तुरुंगात एका कैद्याने रक्त भरलेली सुई पहाऱ्यावरच्या कर्मचाऱ्याला खुपसली आणि त्याला एचआयव्ही झाला. मात्र ती सुई चोरून आत आलेली होती; त्या तुरुंगात सुया वाटल्याच जात नव्हत्या. हिंडेलबांकच्या मूल्यमापनात सुईने हल्ला झाल्याची एकही नोंद नाही, आणि अमली पदार्थांचा वापरही वाढला नाही. व्यसनाला सरकारी आशीर्वाद मिळतो, हा आक्षेप नैतिक आहे, आकड्यांनी तो मिटणार नाही. पण न्यायालयाने दिलेली शिक्षा कैदेची असते, यकृताच्या आजाराची नव्हे. आणि बहुतेक कैदी एक दिवस सुटून घरी जातात.

पुरावा असूनही योजना टिकतेच असे नाही. जर्मनीत फेश्टा, लिंगेन आणि हाम्बुर्ग येथील तुरुंगांत सुईबदल चांगला चालला होता. 2002-03च्या सुमारास राज्य सरकारे बदलली आणि वैद्यकीय कारण नसताना या योजना गुंडाळण्यात आल्या. बर्लिनच्या महिला तुरुंगातली तेवढी टिकली.