अंगभर राम : छत्तीसगडचा रामनामी पंथ आणि त्याचे गोंदण

मध्य भारतातील गोंदणाची जुनी रीत मुख्यतः स्त्रियांची, आणि तीही जन्माशी बांधलेली. बैगा या आदिवासी जमातीतील मुलीच्या कपाळावर लहानपणीच सुई फिरे, तर छत्तीसगडच्या खेड्यांत देवार या भटक्या जातीच्या बायका घरोघर जाऊन हातापायांवर गोंदून देत. अंगावरच्या नक्षीवरून बाई कोणत्या समाजाची हे जाणत्याला ओळखता येई आणि मेल्यावरही सोबत येणारा दागिना हाच, अशी समजूत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच प्रदेशात रामनामी पंथाने हे साधन उचलले आणि त्याचा अर्थ जवळजवळ उलटा केला, कारण रामनाम्यांचे गोंदण माणूस कोणत्या जातीत जन्मला हे न सांगता त्याने काय पत्करले ते सांगते, आणि ते पुरुषही स्त्रियांइतकेच अंगावर घेतात.

या पंथाची पाळेमुळे सतनामी चळवळीत आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालील छत्तीसगडात गुरू घासीदास (१७५६–१८५०) यांनी मूर्तिपूजा नाकारून ‘सतनाम’ म्हणजे सत्य हेच ईश्वराचे नाव असा उपदेश केला, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातील असंख्य कुटुंबे त्यांच्या मागे गेली. पुढे १८९० च्या दशकात, तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यातील चारपारा गावचे परशुराम यांनी रामनामाचा वेगळा मार्ग धरला. त्यांच्या छातीवर ‘राम’ ही अक्षरे आपोआप उमटली, असे पंथाची परंपरा सांगते. इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलकी गोष्ट अशी, की ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांनी देवाचे नाव अशा ठिकाणी लिहिले जिथून ते कोणाला पुसता येणार नव्हते. त्यांचा राम अयोध्येचा राजा नसून निर्गुण, म्हणजे रूप आणि गुण यांच्या पलीकडचा आहे. म्हणून अंगावर धनुष्यबाण किंवा मूर्ती नाही, आहेत ती केवळ देवनागरी अक्षरे. शाळेचे दार ज्या समाजाला बंद होते त्याने चित्राऐवजी लिपी निवडावी, यातला दावा सवर्णांना झोंबला नसता तरच नवल. रामनामाच्या वापराबद्दल रामनाम्यांना मारहाण झाल्याच्या आणि वाद न्यायालयापर्यंत गेल्याच्या आठवणी पंथात सांगितल्या जातात.

गोंदण्याची कृती साधी, पण सोसायला कठीण आहे. रॉकेलच्या चिमणीची काजळी पाण्यात कालवून शाई करतात आणि सुया टोचत ‘राम राम’ अशा ओळी कातडीत भरतात. अंग सुजते, म्हणून सर्वांग गोंदायचे तर ते टप्प्याटप्प्यानेच होते. कपाळावर नाम असलेल्याला शिरोमणी, तर पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत गोंदलेल्याला नखशिख रामनामी म्हणतात. या खुणेबरोबर दारू वर्ज्य करणे आणि रोज नामजप करणे ही बंधनेही येतात. भजनाच्या वेळी ‘राम’ छापलेली पांढरी ओढणी, मोरपिसांचा मुकुट आणि घुंगरू असा वेष असतो. रामचरितमानसातील निवडक चौपाया गाताना जातिभेदाला दुजोरा देणाऱ्या ओळी मात्र ते बाजूला ठेवतात, आणि ही चिकित्सा अनेक पंडितांना जमलेली नाही. त्यांचा वार्षिक भजनमेळा महानदीच्या काठच्या गावांत भरतो.

अलीकडच्या पिढ्यांत पूर्ण अंग गोंदवून घेणारे दुर्मीळ झाले आहेत. रोजगारासाठी शहरात जाणाऱ्या तरुणाच्या कपाळावरची अक्षरे ताबडतोब त्याची जात उघड करतात, म्हणजे जन्माच्या ओळखीवर मात करण्यासाठी घेतलेली खूण पुन्हा त्याच ओळखीचा पुरावा ठरते. त्यामुळे बरेच जण हातावर वा छातीवर एखादेच नाम घेतात, किंवा गोंदण टाळून नुसती ओढणी पांघरतात, आणि मेळ्याच्या भजनात जुन्या नखशिख रामनाम्यांशेजारी बसून तितक्याच हक्काने गातात.