बॅरिस्टर अंतुले : पेण-रोह्याच्या वाचकांसाठी प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या दोन तालुक्यांना मोठ्या माणसांचे अप्रूप नाही. विनोबा भावे यांचे जन्मगाव गागोदे पेण तालुक्यात आहे. स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचे नाव रोह्याशी कायमचे जोडले गेले आहे. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, हे रोहेकर आजही अभिमानाने सांगतात. या दोघांविषयी इथे बोलताना आदराचा सूर सहसा मोडत नाही. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे नाव निघाले की मात्र एकाच घरातली दोन माणसे दोन बाजूंना जातात. एक म्हणतो, कोकणाला ओळख दिली ती बॅरिस्टरसाहेबांनी. दुसरा म्हणतो, सिमेंट प्रकरण विसरलात का?

या मतभेदाचा अभ्यास करायला नव्याने येणाऱ्या वाचकांचे मनापासून स्वागत. अंतुले थोर होते की दोषी, याचा निकाल लावण्यासाठी ही प्रस्तावना लिहिलेली नाही. दोन्ही मते कोणत्या भूमीत रुजली, त्यांना कोणते पुरावे आधार देतात आणि ती एकमेकांना का भेटत नाहीत, हे समजून घेण्याची वाट दाखवणे एवढाच तिचा हेतू आहे. स्थानिक राजकारणाचा इतिहास हा धाकटा विषय मानला जातो. पण लोकशाहीत माणसे सत्तेला कशी तोलतात, हे जिल्ह्याच्या पातळीवर जितके स्वच्छ दिसते तितके दिल्लीतून दिसत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. अंतुले यांचा जन्म १९२९ सालचा, सावित्री नदीकाठच्या आंबेत गावचा. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला हा कोकणी मुसलमान तरुण १९६२ मध्ये श्रीवर्धनमधून विधानसभेत गेला, पुढे मंत्री झाला, राज्यसभेत गेला आणि काँग्रेसचा राष्ट्रीय सरचिटणीसही झाला. जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि जानेवारी १९८२ मध्ये पायउतार झाले. कारकीर्द उणीपुरी दीड वर्षाची. महाराष्ट्राचे ते आजवरचे एकमेव मुसलमान मुख्यमंत्री. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. दीड वर्षाच्या कारकिर्दीवर चाळीस वर्षांहून अधिक काळ वाद चालावा, यातच या विषयाचे वजन आहे.

कौतुकाची बाजू प्रथम पाहू, कारण गावांत ती आधी ऐकू येते. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्यावरून आलेले नाव जाऊन शिवरायांच्या राजधानीचे नाव आले, आणि त्या निर्णयाच्या मागे अंतुले होते. इंग्लंडमधून भवानी तलवार परत आणण्याची घोषणाही त्यांचीच. त्याच वर्षी १ मे रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे अस्तित्वात आले. विधवा, वृद्ध, अपंग अशा निराधारांना दरमहा मदत देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना याच काळातली. सरकारे बदलली, पक्ष बदलले, पण ही योजना टिकली. तहसील कचेरीत निराधारांच्या पैशांची चौकशी करणाऱ्या म्हातारीला मुख्यमंत्र्यांची यादी पाठ नसेल. तरी तिच्या हातात पडणाऱ्या रकमेचा उगम त्या दीड वर्षात आहे. निर्णयाचा झपाटा हा त्यांचा गुण सगळेच सांगतात, आणि टीकाकार नेमके त्याच झपाट्यावर बोट ठेवतात.

दुसरी बाजू समजायला तरुण वाचकांनी त्या काळचा बाजार डोळ्यांसमोर आणावा. तेव्हा सिमेंट दुकानात जाऊन हवे तितके विकत घेता येत नसे. त्याचे वाटप सरकारच्या नियंत्रणाखाली होते आणि कोट्याची मंजुरी म्हणजे बांधकाम व्यावसायिकाच्या दृष्टीने पैसाच. मुख्यमंत्र्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि आणखी काही विश्वस्त संस्था उभ्या केल्या. त्यांना मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध अरुण शौरी यांनी ऑगस्ट १९८१ मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’मधून मांडला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे मृणाल गोरे आणि प. बा. सामंत यांच्यासारखी विरोधी बाकांवरची माणसे उभी होती. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि वाटप यांचा परस्परसंबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला.

गोष्ट इथे संपली असे अनेकांना वाटते. अभ्यासकासाठी मात्र ती इथून अधिक रंजक होते. रामदास नायक यांनी केलेल्या फौजदारी तक्रारीतून जे खटले उभे राहिले ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुन्हा पुन्हा गेले. भ्रष्टाचाराची तक्रार सामान्य नागरिकाला करता येते का? पद सोडलेल्या माणसावर खटला भरायला पूर्वपरवानगी लागते का? आमदार हा कायद्याच्या अर्थाने लोकसेवक आहे का? अशा प्रश्नांची उत्तरे या खटल्यांत दिली गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो आदेशच मागे घेतला, कारण कायद्याने ठरवून दिलेले न्यायासन आणि अपिलाची पायरी आरोपीकडून काढून घेता येत नाही. न्यायालयाच्या चुकीची झळ कोणालाही बसू नये, हे तत्त्व शिकताना कायद्याचे विद्यार्थी आजही अंतुले यांचेच नाव वाचतात. लेंटिन यांचा निकाल सांगणाऱ्याने १९८८ चा निकाल गाळू नये, आणि १९८८ चा सांगणाऱ्याने लेंटिन यांचा.

आता पेण आणि रोहा. अंतुले यांच्याकडे पाहण्यासाठी ही जागा मोक्याची आहे, असे मी आग्रहाने म्हणेन. आंबेत आणि श्रीवर्धनकडे गेलात तर आपल्या माणसाविषयीची माया आधी भेटते. मुंबईत वर्तमानपत्रांचे आणि न्यायालयाचे अंतुले भेटतात. पेण-रोह्यात दोन्ही भेटतात आणि त्यांच्या जोडीला तिसरा आवाज असतो, शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजेच शेकापचा. चरीच्या शेतकरी संपाने आणि नारायण नागू पाटलांच्या चळवळीने घडवलेल्या या पट्ट्यात लाल बावट्याची निष्ठा पिढीजात आहे. अंतुले यांच्यावरची इथली टीका म्हणूनच केवळ सिमेंटची नसते. ती कुळांची, खारभूमीची, काँग्रेस आणि शेकाप यांच्यातल्या जुन्या झुंजीची असते. तशीच स्तुतीही कधी कधी त्या झुंजीतल्या पक्षनिष्ठेची असते.

मतदानाचे आकडे हाती आले की सोपे निष्कर्ष काढायचा मोह होतो. कुलाबा मतदारसंघातून अंतुले १९८९, १९९१ आणि १९९६ मध्ये लोकसभेवर गेले. १९९८ मध्ये शेकापच्या रामशेठ ठाकूर यांनी त्यांना हरवले. २००४ मध्ये ते पुन्हा जिंकले आणि पुढे केंद्रात अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले. २००९ मध्ये शिवसेनेच्या अनंत गीते यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. त्याआधी काही महिन्यांपूर्वी, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या मृत्यूविषयी त्यांनी केलेल्या विधानावरून देशभर वादळ उठले होते, म्हणून पराभवाचे कारण तेच, असे चटकन म्हटले जाते. पण त्याच निवडणुकीत मतदारसंघाची रचनाही बदलली होती. पनवेल मावळला जोडले गेले, दापोली आणि गुहागर रायगडात आले. सिमेंट प्रकरणानंतरही लोकांनी त्यांना निवडून दिले, याचा अर्थ लोकांना ते प्रकरण क्षम्य वाटले असाही नाही. मतपेटीत एक चिठ्ठी पडते, तिच्यामागची कारणे अनेक असतात.

मग वाट कशी धरावी? वाचकांनी सुरुवात कागदांपासून करावी. विधानसभेतल्या चर्चा, न्यायालयांचे निकाल, कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर आणि त्या काळची वर्तमानपत्रे चाळावीत. अलिबागचा ‘कृषीवल’ वाचताना तो शेकापच्या विचाराचा आहे हे लक्षात ठेवावे, पण म्हणून बाजूला ठेवू नये. त्यानंतर माणसांकडे जावे. बोलणाऱ्याला प्रत्येक वेळी एक साधा प्रश्न विचारावा: हे तुम्ही पाहिले की ऐकले? एखादा पूल, रस्ता, शाळा ‘अंतुल्यांनी आणली’ असे सांगितले गेले तर मंजुरी, निधी आणि काम यांच्या तारखा जुळवून पाहाव्यात. कोकण रेल्वेचा आरंभ रोह्यापासून होतो. तिच्यामागे मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस आणि कितीतरी माणसांचे श्रम आहेत, तरी गावागावांत तिचे श्रेय आपापल्या नेत्याला दिले जाते. श्रेयाची ही वाटणी खोटी म्हणून टाकू नका. लोकांनी कोणाकडून काय अपेक्षिले होते, याचा तो पुरावा आहे.

असा नेता जगात एकटा नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा गव्हर्नर ह्यूई लाँग याने १९२८ नंतर रस्ते, पूल आणि शाळकरी मुलांना मोफत पुस्तके दिली. सत्तेच्या गैरवापरासाठी त्याच्यावर महाभियोगही आणला गेला. त्याच्याविषयी तिथे आजही एकमत नाही. तिथल्या अभ्यासकांच्या कामातून आपल्याला एक गोष्ट शिकता येते: पुलाची लांबी आणि आरोपाचे गांभीर्य यांची वजाबाकी होत नाही. ही दोन खाती वेगळ्या वह्यांत लिहिलेली असतात. एका वहीत राज्याने दुबळ्यांसाठी काय केले हे असते, दुसरीत सत्ता हातात असताना नियम पाळले का हे असते. पेण-रोह्यातला वाद बहुधा यामुळेच मिटत नाही. एक जण पहिली वही वाचून दाखवतो, समोरचा दुसरी, आणि दोघांनाही वाटते की समोरचा खोटे बोलतो आहे.

म्हणून या विषयाकडे येताना तुम्ही कोणत्या घरातून आलात याची लाज बाळगू नका. काँग्रेसच्या घरातले असाल, शेकापच्या, शिवसेनेच्या किंवा कोणाच्याच नसाल, तरी तुमच्या घरातली आठवण हा अभ्यासाचा पहिला कागद आहे. तो जपून ठेवा आणि मग दुसऱ्या घरातला मागून घ्या. अंतुले यांना प्रत्यक्ष पाहिलेली, त्यांच्या सभेत बसलेली, त्यांच्याविरुद्ध घोषणा दिलेली पिढी आता वयस्क झाली आहे. तिच्याशी बोलायला वेळ थोडा उरला आहे. दोन्ही वह्या शेवटच्या पानापर्यंत वाचून एखादा रोहेकर किंवा पेणकर आपले मत मांडेल, तेव्हा ते कौतुकाचे असो की टीकेचे, त्याला मान देणे विरोधकालाही भाग पडेल.