प्लवकांची मोजदाद

जुलै १८८९ मध्ये जर्मनीतील कील बंदरातून ‘नॅशनल’ नावाचे जहाज अटलांटिक महासागराकडे निघाले. मोहिमेचे नेते व्हिक्टर हेन्सेन हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. ‘प्लँक्टन’ ही संज्ञा १८८७ मध्ये त्यांनीच दिली होती. मराठीत आपण प्लवक म्हणतो. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या या जीवांपैकी सूक्ष्म वनस्पती म्हणजे समुद्राचे कुरणच. पीठ चाळण्याच्या रेशमी कापडाचे जाळे खोल सोडून वर ओढायचे आणि हाती आलेले जीव सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, असा हेन्सेन यांचा परिपाठ होता. सरकारी तक्ते भरण्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्यास या चिकाटीचे विशेष कौतुक वाटते.

उष्ण कटिबंधात ऊन मुबलक. तेव्हा प्लवकही विपुल असावेत, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. सारगासो समुद्राच्या निळ्याशार पाण्यात जाळ्यात फारसे काही येईना; उत्तरेकडील थंड पाण्यात मात्र ते भरून येई.

१८९० मध्ये एर्न्स्ट हेकेल यांनी या मोजणीवरच कोरडे ओढले. प्लवक विस्तीर्ण क्षेत्रात साधारण सारखे पसरलेले असतात, हे हेन्सेन यांचे गृहीत त्यांना मान्य नव्हते. प्रवाहांमुळे ते कोठे दाट, कोठे विरळ होतात, असे त्यांचे म्हणणे. या मुद्द्यापुरते हेकेल बरोबर होते. पण मोजलेच नसते, तर निळ्या पाण्याच्या दारिद्र्याचे कोडे पुढे आले असते काय?

त्याचा उलगडा १९०६ मध्ये अलेक्झांडर नाथानसोन यांनी सुचविला. मृत जीव तळाकडे बुडतात आणि त्यांतील पोषकद्रव्ये खोल काळोखात साठतात. ऊन वर, खत खाली! उबदार, हलके पाणी झाकणासारखे पसरले, की दोहोंची भेट होत नाही. जेथे प्रवाह खालचे पाणी वर आणतात, तेथे काचेसारखे कवच असलेले मोठे डायाटम माजतात. शांत निळ्या पाण्यात अतिसूक्ष्म पेशीच तगतात. त्यांपैकी प्रोक्लोरोकॉकस हा जीव १९८८ मध्ये जगापुढे आला. हेन्सेन यांच्या रेशमातून तो सहज निसटला असता.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचे थंड पाणी किनाऱ्याकडे चढते. आधी केरळकडे, मग उत्तरेस. डायाटम वाढतात, त्यांवर तारली पोसली जाते. गोव्यासमोर या थंड पाण्यावर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर असतो. त्यामुळे वरून पाहणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाही. हे पाणी खतसमृद्ध असले तरी प्राणवायूला मुळातच पारखे. त्यात वरून बुडणारे प्लवक कुजले, की उरलासुरला प्राणवायूही सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी संपतो. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये हे मोजमापांनिशी प्रसिद्ध केले.